बेवारस औषध

पुणे-सोलापूर रस्त्यानं चौफुला मागे टाकून पाटसकडे निघालं की वरवंड लागतं. व्हिक्टोरिया तलाव, खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, ऊस, आसपासची गुऱ्हाळं आणि हमरस्त्याचं गाव म्हटल्यावर असायचीच ती गॅरेजं आणि वेल्डिंगची दुकानं. ट्रॉलीचा तुटलेला आडवा बार कापायचा असेल तर कटिंगवाला ज्या काळ्या सिलिंडरची चावी फिरवतो, त्यात ऑक्सिजन असतो. दवाखान्यातला सिलिंडरही काळाच, फक्त त्याचे खांदे पांढरे. पांढऱ्या खांद्याच्या सिलिंडरमधला हा वायू एका भयंकर दुखण्यावर पंधरा मिनिटांत उतार पाडतो. डोकेदुखीवर ऑक्सिजनचा प्रयोग अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९४० च्या आसपासच केला होता. त्याचा निर्विवाद पुरावा वैद्यकशास्त्राच्या हातात पडायला मात्र २००९ साल उजाडलं. मधली सत्तर वर्षं कुठे गेली, त्याची ही हकिगत आहे.

आधी दुखणं काय ते पाहू. डॉक्टर त्याला क्लस्टर हेडेक म्हणतात. रात्री झोप लागून तास-दीड तास होतो आणि माणूस खाडकन उठतो. एकाच डोळ्यामागे, बहुधा दर वेळी त्याच डोळ्यामागे, कळ सुरू होते आणि पाच-दहा मिनिटांत शिगेला पोचते. तो डोळा लाल होतो, घळाघळा वाहतो, पापणी अर्धी मिटते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते किंवा गळू लागते. अर्धशिशीचा रोगी अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. हा माणूस पडूच शकत नाही. तो उठतो, ओसरीवर येरझाऱ्या घालतो, डोकं दाबून धरतो, भिंतीवर आपटतो. पाऊण तास, तास, फार तर तीन तास. मग कळ आली तशी जाते आणि घामाघूम झालेला माणूस सुन्न होऊन बसतो. दुसऱ्या रात्री जवळपास त्याच वेळेला पुन्हा. असं सहा ते बारा आठवडे चालतं, मग महिनोन्‌महिने काही नाही आणि पुढच्या वर्षी बरेचदा त्याच सुमाराला परत पाळी. हजारात साधारण एकाला हे दुखणं गाठतं. बायकांपेक्षा पुरुषांना जास्त, आणि त्यातही विडी-सिगारेट ओढणारे बरेच. पाळी चालू असताना दारूचा घोट घेतला तर तासाभरात कळ आलीच म्हणून समजा.

वेळेचा हा काटेकोरपणा जुन्या वैद्यांच्याही नजरेतून सुटला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग दिले आहेत. त्यातल्या सूर्यावर्ताचं वर्णन असं की सूर्य उगवला की डोळा आणि भुवईपाशी दुखू लागावं, सूर्य चढेल तसं चढावं आणि कलेल तसं उतरावं. हाच क्लस्टर, असा दावा मी करणार नाही. जुन्या ग्रंथात आजचा आजार शोधून काढण्याचा खेळ सोपा असतो आणि बहुतेकदा फसवा. पण घड्याळ लावल्यासारखी येणारी डोकेदुखी वेगळी काढून तिला नाव द्यावंसं वाटलं, हे खरं. युरोपात निकोलास टुल्प या डच डॉक्टरानं १६४१ च्या पुस्तकात रोज ठरल्या वेळी येऊन दोनेक तासांत थांबणाऱ्या डोकेदुखीचा रोगी नोंदवला. रेम्ब्रांटच्या प्रसिद्ध चित्रात प्रेताचा हात सोलून दाखवणारा तो हाच टुल्प. त्याहून स्वच्छ नोंद १७४५ ची. पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द चालू होती. व्हिएन्नात पुढे मारिया थेरेसाचा राजवैद्य झालेल्या गेरहार्ड व्हान स्वीटेननं एका धडधाकट मध्यमवयीन माणसाची हकिगत लिहिली: रोज एकाच वेळी एकाच डोळ्याच्या वर दुखणं, डोळा लाल, पाण्याची धार. ठरल्या वेळी येतं म्हणजे पाळीच्या तापाचाच हा प्रकार, असं त्याला वाटलं. निरीक्षण अचूक आणि निदान चुकलेलं, ही जोडी या आजाराच्या इतिहासात पुढेही भेटत राहते.

तिचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे बेयर्ड हॉर्टन. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक आहे, तिथला हा डॉक्टर. १९३९ मध्ये त्यानं सहकाऱ्यांसह या दुखण्याचं तपशीलवार वर्णन छापलं. त्याच्या आधी, १९२६ मध्ये, लंडनच्या विल्फ्रेड हॅरिसनं ते वेगळ्या नावानं लिहून ठेवलं होतं, पण गाजलं हॉर्टनचंच. कित्येक वर्षं लोक याला हॉर्टनची डोकेदुखी म्हणत. रोगी जिवाचं बरंवाईट करतील म्हणून त्यांच्यावर पहारा ठेवावा लागतो, हे त्यानं बजावून सांगितलं होतं. त्याच्या मते सगळा दोष हिस्टामिनचा. कातडीखाली हिस्टामिन टोचलं की कळ सुरू होते हे त्यानं दाखवलं आणि थोडं थोडं हिस्टामिन टोचून शरीराला त्याची सवय लावायची, असा उपचार काढला. उपचार पुढे टिकला नाही. पण त्याच इमारतीत तेव्हा आणखी एक गोष्ट चालली होती.

विमानं उंच जाऊ लागली होती आणि वैमानिक विरळ हवेत भोवळ येऊन पडत होते. मेयोतल्या वॉल्टर बूथबी, रॅन्डॉल्फ लव्हलेस आणि आर्थर बुलबुलियन या तिघांनी १९३८ मध्ये एक मुखवटा बनवला. खाली रबराची पिशवी, तिच्यात ऑक्सिजन साठतो, श्वास घेतला की तोच आत जातो. तोपर्यंत रुग्णाला ऑक्सिजन द्यायचा म्हणजे तंबू उभारा, नाही तर नाकाजवळ नळी धरा आणि अर्धा खोलीत सांडू द्या, असा कारभार होता. हा मुखवटा आला आणि जवळजवळ निर्भेळ ऑक्सिजन द्यायची सोय झाली. हाती नवं हत्यार आलं की माणूस ते सगळीकडे चालवून बघतो. मेयोचेच वॉल्टर अल्वारेझ पोटाच्या विकारांचे डॉक्टर, पण डोकेदुखीकडेही त्यांचं लक्ष असे. डोकं दुखणाऱ्यांना त्यांनी मुखवटा लावून पाहिला आणि १९३९-४० मध्ये अर्धशिशीवरचा नवा ऑक्सिजन-उपचार म्हणून ते छापलं. १९५० च्या दशकात हॉर्टननं आपल्या रोग्यांनाही शंभर टक्के ऑक्सिजन दिला आणि गुण येतो असं लिहिलं. त्याचं स्पष्टीकरण त्या काळाला धरून होतं: डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखतं, ऑक्सिजननं त्या आकसतात म्हणून थांबतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. आजार ठाऊक, औषध ठाऊक, मुखवटा तयार. पण हॉर्टनचा जीव हिस्टामिनवर जडला होता आणि ऑक्सिजन त्याच्या लेखांत ओळी-दोन ओळींचा पाहुणा म्हणून आला. आजाराला तर प्रत्येक गावी वेगळं नाव. १९५२ मध्ये कुंकल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कळांचा हा झुबका बघून ‘क्लस्टर’ हा शब्द लावला, तेव्हा कुठे अमेरिका आणि युरोपातले डॉक्टर एकाच दुखण्याबद्दल बोलताहेत हे हळूहळू उमगलं. दरम्यान अर्गोटामिनच्या गोळ्या रुळल्या होत्या. गोळी लिहून देणं सोपं, सिलिंडर घरी पोचवणं कठीण. आणि खरी मेख वेगळीच होती. ऑक्सिजनचा कुणी मालक नव्हता. हवेतून काढलेल्या वायूवर पेटंट कोण घेणार? ज्याचं पेटंट नाही त्याच्या चाचणीवर पैसे कोण घालणार, डॉक्टरांच्या दारात त्याची बॅग घेऊन कोण उभं राहणार? सिलिंडर विकणाऱ्या कंपन्यांचं गिऱ्हाईक पोलाद, जहाजं आणि वेल्डिंग. आपल्याकडे १९३५ मध्ये कलकत्त्यात इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी निघाली, तिच्या नावातच तिची बाजारपेठ कोणती ते दिसतं.

तीस-एक वर्षं अशी गेल्यावर कॅलिफोर्नियातल्या एन्सिनो गावच्या ली कुड्रो या डॉक्टरानं हा विषय उचलला. कुड्रोचं स्वतःचं डोकेदुखीचं क्लिनिक होतं. ‘फ्रेंड्स’ मालिकेतली फीबी ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो, लिसा कुड्रो ही याच डॉक्टरची मुलगी. नटी होण्याआधी आणि होता होता ती वडिलांच्या क्लिनिकात काम करत असे आणि डावखुरेपण व डोकेदुखीवरच्या एका शोधनिबंधात तिचं नाव आहे. कुड्रोनं १९८१ मध्ये जे छापलं ते आठ-दहा ओळींत मावेल इतकं साधं. बावन्न रोग्यांना कळ येताच मिनिटाला सात लिटर या वेगानं पंधरा मिनिटं ऑक्सिजन दिला. चौघांतल्या तिघांना चांगला उतार पडला. मग पन्नास जणांना काही वेळा ऑक्सिजन आणि काही वेळा जिभेखाली अर्गोटामिन देऊन पाहिलं. ऑक्सिजनला ८२ टक्के, अर्गोटामिनला ७० टक्के. वर अर्गोटामिनचे दुष्परिणाम वेगळेच. दिवसाकाठी चार वेळा कळ आली तर चार वेळा ती गोळी घेता येत नाही, ऑक्सिजन घेता येतो.

कुड्रो मला आवडतो तो आणखी एका कामासाठी. पाळ्या वर्षाच्या कुठल्या दिवसांत सुरू होतात याची त्यानं चारशे रोग्यांची टिपणं काढली आणि १९८७ मध्ये दाखवलं की सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस उलटून गेल्यावर लवकरच त्यांना भर येतो. म्हणजे जुलै आणि जानेवारीच्या आगेमागे. मेंदूत खोलवर बसलेलं, उजेड मोजून शरीराचं घड्याळ लावणारं हायपोथॅलॅमस यात गुंतलं असावं, हा संशय त्यातून बळावला. वरवंडच्या अक्षांशावर मोठा आणि लहान दिवस यांत फरक सव्वादोन तासांचाच, एन्सिनोत तो साडेचार तासांहून जास्त आणि लंडनमध्ये जवळपास नऊ. आपल्याकडच्या पाळ्यांचं पंचांग तिथल्यासारखंच निघेल का, हे कुणी चिकाटीनं मांडून बघायला हवं. पुढे १९९८ मध्ये लंडनला आर्ने माय आणि सहकाऱ्यांनी चालू कळेत मेंदूचं चित्र घेतलं, तेव्हा हायपोथॅलॅमसचाच कोपरा उजळलेला सापडला.

पण पुन्हा पुराव्याकडे. कुड्रोच्या रोग्यांना आपण काय घेतोय ते माहीत होतं. मुखवटा चढवला, कुणीतरी शेजारी बसलं, एवढ्यानंही दुखणं हलकं वाटू शकतं. शिवाय कळ आपोआपही उतरतेच. म्हणून १९८५ मध्ये लान्स फोगन या डॉक्टरानं एकोणीस पुरुषांना एकसारखे सिलिंडर दिले, काहींत ऑक्सिजन आणि काहींत साधी हवा. कशात काय ते ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. ऑक्सिजन सरळ सरळ जिंकला. तरी माणसं एकोणीसच. कडक समीक्षकाला तेवढं पुरत नाही.

तेवढ्यात खराखुरा मालक असलेलं औषध आलं. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन क्लस्टरवर चालतं हे १९९१ मध्ये चाचणीनं सिद्ध झालं. औषध उत्तमच होतं, त्यात खोट काढायचं कारण नाही. मात्र ते दिवसातून दोनदाच घेता येतं आणि हृदयविकार असलेल्याला देता येत नाही. क्लस्टरचे रोगी बरेचसे मध्यमवयीन विडीबाज, म्हणजे हृदयविकाराचा धोका असलेले नेमके तेच. ऑक्सिजनची गरज संपली नव्हती, फक्त त्याच्याबद्दल बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

अखेर लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात ॲना कोहेन, ब्रायन बर्न्स आणि पीटर गोड्सबी यांनी २००२ ते २००७ अशी पाच वर्षं घालून १०९ रोग्यांची चाचणी केली. वेग कुड्रोपेक्षा वाढवला: मिनिटाला बारा लिटर, पंधरा मिनिटं. सिलिंडर घरी, मुखवटा घरी, कळ येईल तेव्हा रोग्यानं स्वतः लावायचा. दोन कळांना ऑक्सिजन, दोन कळांना हवा, कुठली कधी ते गुपित. पंधरा मिनिटांनी दुखणं गेलं किंवा पुरेसं उतरलं ते ऑक्सिजननं ७८ टक्के वेळा, हवेनं २० टक्के वेळा. डिसेंबर २००९ मध्ये ते अमेरिकी वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात आलं आणि वाद मिटला. रक्तवाहिन्या आकसण्याचं जुनं स्पष्टीकरणही एव्हाना मागे पडत होतं. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेपासून डोळ्याचं पाणी आणि नाक चालवणाऱ्या नसांकडे एक उलटफेरी असते, ती पेटली की कळ आणि अश्रू एकदम येतात. ऑक्सिजन त्या फेरीवर पाणी ओततो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. सगळा उलगडा अजून झालेला नाही.

वाद डॉक्टरांचा मिटला, खजिनदारांचा नाही. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्यानं २०११ मध्ये ठरवलं की क्लस्टरसाठी घरच्या ऑक्सिजनचे पैसे मंजूर संशोधनात भाग घेतला तरच मिळतील. ती अट निघाली २०२१ च्या सप्टेंबरात. जगात सगळ्यात महागडं वैद्यक चालवणारा देश आणि अडून बसला ते हवेतून काढलेल्या वायूवर.

त्याच २०२१ मध्ये ऑक्सिजनचं काय झालं ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला धाडले, ते भरून नागपूर-नाशिकला परतले. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती झाली, ऑक्सिजनचा दाब पडला आणि बावीस-चोवीस माणसं गेली. उद्योगांचा ऑक्सिजन बंद करून दवाखान्यांकडे वळवला. कटिंगची दुकानं गप्प झाली. ‘जम्बो’, ‘फ्लोमीटर’, ‘सॅच्युरेशन’ हे शब्द गावागावाच्या पारावर बोलले जाऊ लागले. लाट ओसरल्यावर कितीतरी गावांत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी कॉन्सन्ट्रेटरची यंत्रं मागे राहिली.

वरवंडच्या या पट्ट्यात घरी ऑक्सिजन लागतो तो बहुधा छातीसाठी. शिरूर तालुक्यात वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम १९७० च्या दशकापासून चालू आहे, डॉ. बानू कोयाजींनी उभं केलेलं. चुलीच्या धुरानं फुप्फुसं निकामी होतात, हे दाखवणारा अभ्यास त्या भागात झाला. अशा छातीच्या रोग्याला ऑक्सिजन मिनिटाला एक-दोन लिटर, जपून द्यायचा असतो. धो धो दिला तर उलटा घात होतो. क्लस्टरचं गणित बरोबर याच्या विरुद्ध. तिथे झोत जोराचा हवा. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर घरात असूनही क्लस्टरच्या रोग्याला ते पुरत नाही, आणि नाकात घालायची बारीक नळीही चालत नाही. मुखवटा पिशवीवाला आणि घट्ट बसणारा हवा, म्हणजे अजून तोच १९३८ चा नमुना, फक्त रबराच्या जागी प्लॅस्टिक. वेल्डिंगच्या सिलिंडरला तोंड लावायचा विचार तर कुणी चुकूनही करू नये. तो भरताना माणसाच्या फुप्फुसाचा हिशोब केलेला नसतो.

औषध आलं, मुखवटा आला, तरी अडतं कुठे? निदानात. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी डोकेदुखीसाठी खास क्लिनिक चालवलं आणि २००४ मध्ये भारतातल्या डोकेदुखीच्या उपचारांतल्या अडथळ्यांवर लिहिलं. डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठते, असं सांगणाऱ्या ९४ रोग्यांची नोंद करणारेही तेच. आपल्या आया-आज्या हे पिढ्यान्‌पिढ्या बोलत आल्या, ते जागतिक नियतकालिकात २००६ मध्ये पोचलं, कारण कुणीतरी बसून विचारलं. क्लस्टरचंही तसंच आहे. तपासणीच्या वेळी रोगी ठणठणीत असतो, रक्त-लघवी-स्कॅन सगळं स्वच्छ. मग चष्म्याचा नंबर काढतात, दाढ उपटतात, सायनस धुतात, नाहीच तर बाहेरचं काही आहे म्हणून उतारा टाकतात. आणि कळा काही आठवड्यांनी आपोआप थांबतातच, तेव्हा त्या वेळी जे चालू असेल त्याला यश मिळतं. ओपीडीत दोन प्रश्न विचारले तरी अर्धं काम होतं: दुखतं तेव्हा पडून राहता की फेऱ्या मारता, आणि रात्री किती वाजता उठता?

उत्तरं जुळली आणि मेंदूच्या डॉक्टरांनी शिक्कामोर्तब केलं, तर पुढचा हिशोब पाटीवर मांडता येतो. पाळीतल्या कळा रोखायला वेरापामिलसारख्या गोळ्या असतात, त्या ईसीजी काढून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. चालू कळेला बारा लिटर गुणिले पंधरा मिनिटं, म्हणजे १८० लिटर. हातात उचलता येणाऱ्या ‘बी’ सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो, त्यात आठ कळा भागतात. रोज दोन-तीन आल्या तर तीन-चार दिवस. सात हजार लिटरचा जम्बो असेल तर दोन-अडीच आठवडे. तो साखळीनं भिंतीला बांधायचा, व्हॉल्व्हला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, आणि त्या खोलीत विडी नाही, जी या रोग्याला सोडणं जड जातं. रात्री एकला कळ आली तर १०८ बोलावून दौंडला किंवा पुण्याला पोचेपर्यंत ती संपलेली असते, म्हणून सिलिंडर उशाशीच हवा. पाळी चालू असेल तेवढे दोन-तीन महिने तो भाड्यानं आणायचा आणि मग परत द्यायचा.